फोमचं दीड मीटरचं एअरबस: कुठे इमान राखायचं, कुठे लबाडी करायची

थर्माकोल कापायची तार मी पहिल्यांदा हातात धरली ती गणपतीच्या मखरासाठी. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात श्रावण लागला की थर्माकोलचे ठोकळे यायचे आणि बाबा बजावायचे, "तार ओढू नकोस, ती जाईल तशी तिच्यामागे जा." घाई केली की तारेची टोकं पुढे जातात, मधला भाग मागे रेंगाळतो आणि महिरपीला पोट सुटतं. तीस वर्षांनी त्याच तारेने एअरबसचं नाक कापलं तेव्हाही नाकाला तसंच पोट सुटलं.

हा लेख फोमच्या, रेडिओवर चालणाऱ्या एअरबस ए-३२० बद्दल आहे. प्रमाण १:२५, लांबी दीड मीटर, पंखाखाली दोन ईडीएफ, म्हणजे नळीत बसवलेले इलेक्ट्रिक पंखे. मी अशी तीन बांधली. पहिलं एका सकाळपुरतं होतं, दुसरं पाच वेळा सांधून अजून उडतंय, तिसरं भाच्याकडे आहे. या तिघांनी मला एकच गोष्ट शिकवली. मैदानावर विमान लोकांना बाजूने आणि खालून दिसतं. तिथे मूळ विमानाशी इमान राखा. बाकी जिथे हवेला हवं तिथे खुशाल लबाडी करा, पण ती कागदावर आधी ठरवून करा.

एक मात्र आधीच सांगतो. हे तुमचं पहिलंच रेडिओचं विमान असेल तर थांबा. वर सरळ पंख असलेल्या साध्या ट्रेनरवर वीस-पंचवीस उड्डाणं होऊ द्या. प्रवासी विमानच हवं असा हट्ट असेल तर एटीआर-७२ घ्या. त्याचे पंख सरळ आणि वर आहेत, शिवाय प्रोपेलर आहेत. प्रोपेलर तेवढ्याच करंटमध्ये पंख्याहून बराच जास्त जोर देतो आणि चुकलात तर लगेच हात देतो.

मापं

खऱ्या ए-३२० ची लांबी ३७.५७ मीटर, शार्कलेटशिवाय (पंखाच्या टोकाचे वर वळलेले तुकडे सोडून) पंखांचा विस्तार ३४.१ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ १२२.६ चौरस मीटर, धडाची रुंदी ३.९५ मीटर. लांबीला २५ ने भागलं की दीड मीटर. क्षेत्रफळाला ६२५ ने भागायचं आणि वजनाला १५,६२५ ने. ७८ टनांचं विमान या हिशोबाने ५ किलोचं होतं! पाच किलो घेऊन १९.६ चौरस डेसिमीटरच्या पंखावर उडायचं तर आपल्याला धावपट्टी लागेल, शेत नाही. म्हणून वजनाच्या बाबतीत प्रमाण विसरा. माझं लक्ष्य असतं बॅटरीसकट १,६०० ग्रॅम.

पंखाच्या बाबतीत हवा आपल्याशी मूळ विमानापेक्षा जास्त कंजुषीने वागते. खऱ्या विमानाच्या पंखाची रेनॉल्ड्स संख्या (पंखाची रुंदी आणि वेग यांवरून निघणारा आकडा) कोटींत असते, आपल्या वीतभर रुंद पंखाची लाख-दीड लाखांत. पंख जितका अरुंद आणि हळू, तितकी हवा त्याला लवकर सोडते. ए-३२० च्या पंखाचं टोक १:२५ ला जेमतेम सहा सेंटिमीटर भरतं. वळणावर आधी तेच हार मानतं आणि विमान त्या बाजूला कोलमडतं.

म्हणून माझ्या लबाड्या अशा. पंख धडाशी २३ सेंमी आणि टोकाला ९ सेंमी रुंद. एकूण विस्तार १४० सेंमी. क्षेत्रफळ साडेतेवीस चौरस डेसिमीटर झालं, म्हणजे हिशोबापेक्षा वीस टक्के जास्त, आणि बाजूने बघणाऱ्याला ते कळतही नाही. पंखाचा मागे झुकाव पुढच्या कडेला २५ अंश. टोकाशी पंखाला दोन-तीन अंशांचा पीळ, मागची कड वर. आडवी शेपूट १५ टक्के मोठी. पंखाचा आकार वरून फुगीर, खालून सपाट. मूळ विमानाचा आकार वेगळा आहे, पण तो वेगळ्या वेगासाठी आहे.

एवढं केलं की १,६०० ग्रॅमला स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान उचलून धरत नाही तो, ताशी ४० किलोमीटरच्या आसपास येतो. मूळ क्षेत्रफळ ठेवून वजन दोन किलोवर गेलं तर तोच वेग पन्नासला पोचतो. उतरताना या दहा किलोमीटरचा फरक काय असतो ते हातालाच कळतं.

सामान

धडासाठी आणि पंखाच्या कातडीसाठी ५ मिमीचं डेप्रॉन किंवा बायोफोम, म्हणजे फोमची गुळगुळीत शीट. नाक, शेपटीचा शंकू आणि नॅसेलचे (इंजिनाच्या गोल आवरणाचे) ओठ साध्या पांढऱ्या थर्माकोलचे. फ्रिज-वॉशिंग मशीनच्या पॅकिंगचं थर्माकोल घेऊ नका, दाणे सैल असतात आणि घासताना उपटून निघतात. मखरवाल्यांकडे घट्ट दाण्याचं मिळतं. सनबोर्ड नको. तो साइनबोर्डवाल्यांकडे सहज मिळतो, पण भयंकर जड.

पंखात १० मिमी व्यासाची कार्बनची नळी. चाकं आणि पंखांचे बोल्ट जिथे बसतात तिथे ३ मिमी प्लाय.

गोंदावर जरा थांबतो, कारण इथेच नव्या माणसाचं पहिलं विमान विरघळतं. झटपट चिकटणारे नेहमीचे गोंद आणि चपलांना लावतात तो पिवळा रबरी गोंद थर्माकोल खातात. माझ्या पहिल्या नाकावर असल्या गोंदाचा एक थेंब पडला. पुसेपर्यंत तिथे बोट जाईल एवढं भोक, आणि भोकाच्या कडा चकचकीत, मेणासारख्या. पांढरा फेविकॉल थर्माकोलला काही करत नाही, पण दोन शीटच्या मध्ये त्याला हवा लागत नाही आणि तो आठवडाभर ओलाच राहतो. कागद चिकटवायला तो उत्तम. सांध्यांसाठी फोम-सेफ सायनो (फोम न खाणारा झटपट गोंद) किंवा फुगणारा पॉलियुरेथेन गोंद, आणि जिथे जोर येतो तिथेच पाच मिनिटांचं इपॉक्सी. हॉट ग्लू मी टाळतो. तो जड असतो, आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या विमानाचे सांधे मऊ पडलेले मी पाहिले आहेत.

धड

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जाऊ द्यावा.

धडाचा बाहेरचा व्यास १६ सेंमी. शीटची रुंदी बाहेरच्या घेराइतकी, म्हणजे ५०.३ सेंमी, कापली तर ती मिटत नाही, कडा एकमेकींवर चढतात. शीटला जाडी आहे. बाहेरचा घेर ५०.३, आतला ४७.१, म्हणून दोन्हींच्या मधलं माप घ्या, ४८.७. हे मला पहिल्या विमानात कळलं नव्हतं आणि मी कड घासत बसलो होतो.

गोल करायला ड्रेनेजच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा लागतो. १६० मिमीचा नको, १४० चा घ्या, कारण शीट सोडल्यावर थोडी उघडते. शीटला बाहेरून रुंद सेलोटेपचे आडवे पट्टे लावा, म्हणजे ती फाटणार नाही. मग हेअर ड्रायरची गरम हवा हातभर अंतरावरून फिरवत, पाइपवर तळव्याने हळूहळू दाबत गुंडाळा. पोळी लाटताना जसा सगळीकडे सारखा दाब ठेवतो तसा. एका जागी ड्रायर थांबला की तिथे शीट आक्रसते आणि खड्डा पडतो. गुंडाळलेली शीट पाइपवरच दोरीने बांधून रात्रभर ठेवा. उतरवून टेप काढा, सांधा पोटाच्या बाजूला घ्या.

आत दर १५ ते २० सेंटिमीटरवर फोमचं कडं, मधून पोकळ. पंख जिथे बसतो तिथली दोन कडी प्लायची. शेपटीकडच्या शंकूसाठी शीटचे पाचर काढावे लागतात. कागदावर एकदा तालीम करा, मग फोम कापा. शंकूची वरची रेघ जवळजवळ सरळ असते आणि पोट वर चढत जातं. हे चुकलं तर विमान काही केल्या एअरबस दिसत नाही, कितीही रंग लावा. इमान राखायची जागा ही.

नाक तारेने ओबडधोबड कापायचं आणि पॉलिश पेपरने घासायचं, आधी १२०, मग २२०. पुठ्ठ्यात नाकाच्या बाजूच्या रेषेचा साचा कापून घ्या आणि दर दोन मिनिटांनी लावून बघा. नाक आतून कोरून टाका. बॅटरी तिथेच सरकणार आहे. बॅटरीच्या खाली प्लायची पट्टी आणि त्यावर १२ सेंमी लांब वेल्क्रो ठेवा. या लांबीचं महत्त्व पुढे येईल.

पंख आणि इंजिनं

पंखाची शीट पुढच्या कडेशी आतून बोथट सुरीने रेघ पाडून दुमडायची, आत कार्बनची नळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना फोमच्या फासळ्या. पीळ शीट बंद करतानाच द्यायचा. टेबलावर टोकाच्या मागच्या कडेखाली ५ मिमी जाड पट्टी ठेवून गोंद सुकू द्या. टोकाची रुंदी ९ सेंमी असल्याने तेवढ्यात सुमारे तीन अंश येतात. दोन्ही पंखांना एकच पट्टी वापरा. डाव्याचा पीळ उजव्यापेक्षा वेगळा असेल तर विमान जन्मभर एका बाजूला ओढत राहील.

पंख धडाला चार नायलॉनच्या एम-४ बोल्टनी बसवा. लोखंडी नकोत. पंख झाडाला लागला की नायलॉनचा बोल्ट तुटतो आणि पंख वाचतो.

ए-३२० च्या सीएफएम-५६ इंजिनाच्या पंख्याचा व्यास १.७३५ मीटर आहे. १:२५ ला बरोबर ६९ मिमी, म्हणजे बाजारातला ७० मिमीचा ईडीएफ जणू यासाठीच बनवला असं वाटतं. तरी मी ६४ चा घेतो. हलका पडतो, आणि ४एस (चार सेलच्या) बॅटरीवर चांगल्या जातीचे दोन मिळून दोन किलोच्या आसपास जोर देतात. नॅसेलचा पुढचा ओठ मात्र जाड आणि गोल हवा, आठ-दहा मिमी त्रिज्येचा. पातळ, धारदार तोंड दिसायला छान, पण हवा कडेवरून वळताना फाटते आणि जोर जातो. मागचं तोंड पंख्याच्या झोताच्या क्षेत्रफळाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा.

वायरिंगची गोष्ट थोडक्यात. दोन ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटं), प्रत्येकी ५० अँपिअर. दोन्हीत बीईसी (रिसीव्हरला वीज पुरवणारा भाग) असेल तर एकीची लाल तार रिसीव्हरपाशी पिनमधून काढून टेप लावून ठेवा. बॅटरी आणि ईएससी यांच्यातल्या तारा आखूड, मोटरकडच्या तीन तारा लांब केल्या तरी चालतात. उलट केलंत तर ईएससीचे कपॅसिटर मरतात. ईएससीला वारा लागेल अशी फट ठेवा. सर्वो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) ९ ग्रॅमचे, एलिव्हेटरला, म्हणजे आडव्या शेपटीच्या झडपेला, मेटल गिअरचा. सिग्नल तुटला की थ्रॉटल शून्य होईल असं फेलसेफ बसवा, आणि ते खरंच होतं का ते रिमोट बंद करून बघा, विमान कुणीतरी घट्ट धरलेलं असताना.

सीजी, म्हणजे विमानाचा किन्ना

बडोद्यात वाढलेल्याला सीजी समजावणं सोपं आहे. पतंगाचा किन्ना (पुण्याकडे कण्णी म्हणतात) बोटभर वर-खाली झाला की तोच पतंग, तोच वारा, पण एकदा तो नुसता घिरट्या घालतो आणि एकदा दगडासारखा खाली येतो. विमानात तोच खेळ समतोलाच्या बिंदूचा.

मागे झुकलेल्या पंखात हा बिंदू नजरेने काढता येत नाही. वरून पाहिलेला पंख कागदावर काढा. मुळाच्या रुंदीच्या रेषेला मागे टोकाची रुंदी जोडा, टोकाच्या रेषेला पुढे मुळाची रुंदी जोडा, आणि ही दोन टोकं तिरक्या रेषेने सांधा. मुळाचा मध्य आणि टोकाचा मध्य जोडणारी दुसरी रेष काढा. दोन्ही जिथे छेदतात तिथली पंखाची रुंदी ही सरासरी रुंदी. माझ्या मापांत ती १७ सेंमी भरते, धडापासून साडेसव्वीस सेंमी अंतरावर. तिच्या पुढून २५ टक्के, म्हणजे सव्वाचार सेंटिमीटर. झुकाव धरून हा बिंदू धडाजवळ पुढच्या कडेपासून साधारण साडेसोळा सेंमी मागे येतो. पहिल्या उड्डाणाला अर्धा-पाऊण सेंटिमीटर आणखी पुढे ठेवा.

तोलताना विमान पूर्ण हवं, चाकं, बॅटरी, रंग सगळ्यासकट. रंग आधी तोलून घेतलेल्या विमानाला नंतर लावला तर आकडे बदलतात.

रंगाचं एवढंच, की स्प्रेच्या डब्यातला रंग थर्माकोल खातो. पाण्यातला अ‍ॅक्रेलिक रंग रोलरने दोन हात. वरून पांढरं ठेवा, पण पोटाला गडद निळा किंवा भगवा पट्टा द्या. डिसेंबरच्या सकाळी बडोद्याचं आकाश दुधासारखं असतं आणि त्यात पांढरं विमान येतंय की जातंय तेच कळत नाही. माझं पहिलं विमान त्या एका सकाळीच गेलं, ते असंच.

मैदान आणि उड्डाण

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत जमिनीपासूनच बंधन असतं, तिथे परवानगीशिवाय उडवायचं नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत आणि त्याबाहेर, लाल (मनाईचा) पट्टा नसेल तिथे, ४०० फुटांपर्यंत हिरवा, म्हणजे मोकळा. आपल्याकडे हरणीचा विमानतळ शहराला चिकटून आहे, हवाई दलाची ठिकाणंही आहेत. म्हणजे दांडिया बाजारच्या गच्चीवरून काही उडवायचं नाही. सरकारचा ऑनलाइन नकाशा उघडून जागा बघा, मग शेतमालकाला विचारा. आम्ही पादरा गावाच्या बाजूला कापणी झालेल्या शेतात जातो.

डिसेंबरच्या मध्यापासून वासी उत्तरायण (संक्रांतीचा दुसरा दिवस) उलटून आठ दिवस होईपर्यंत विमान कपाटात. आकाशात दोऱ्या असतात आणि झाडांवर त्या नंतरही लोंबत असतात. एकदा मी पंचवीस जानेवारीला गेलो. मांजा एलिव्हेटरच्या बिजागरीत असा गुंडाळला गेला की फोम सुरीने कापल्यासारखा चिरला. एप्रिल-मेमध्ये सकाळी सात ते साडेआठ, नंतर जमीन तापते, विमान उचललं जातं आणि पडतं. आणि घारी. घार जवळ आली तर सरळ लांब निघून जा.

पंखाखालच्या इंजिनांमुळे या विमानाला पोटावर उतरवता येत नाही, आधी नॅसेल टेकतात. म्हणून ३ मिमी तारेचे पाय, ६५ मिमीची फोमची चाकं आणि नॅसेलखाली किमान ३ सेंटिमीटर जागा. शेतात चाळीस मीटरचा पट्टा पायाने तुडवून ढेकळं फोडून घ्या.

निघण्याआधी रिमोट रेंज-चेकवर (सिग्नल मुद्दाम कमी करून) ठेवून तीस पावलं चाला. एलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेवरच्या झडपांची) दिशा मोठ्याने बोलून तपासा. स्टिक उजवीकडे, उजवा एलेरॉन वर. हसू नका, उलट्या एलेरॉनने गेलेली विमानं मी दोन पाहिली आहेत. एलेरॉन वर १२ मिमी, खाली ८. एलिव्हेटर १० मिमी दोन्हीकडे. एक्स्पो (स्टिकचा मधला भाग मऊ करणारी सेटिंग) ३० टक्के.

पंखा जोर उशिरा देतो. स्टिक वर केली की प्रोपेलर लगेच ओढतो, पंखा अर्धा-पाऊण सेकंद आळस देतो. शिवाय शेपटीवर त्याचा वारा जात नाही, म्हणून वेग येईपर्यंत एलिव्हेटर निर्जीव असतो. थ्रॉटल तीन सेकंदांत पूर्ण, विमान सरळ पळू द्या, स्वतः हलकं झालं की एलिव्हेटर थोडा. जोर खालून लागत असल्याने थ्रॉटल दिल्यावर नाक वर जातं. रिमोटमध्ये थ्रॉटलसोबत तीन-चार टक्के एलिव्हेटर खाली असं मिक्स बसवा आणि उडवून जुळवून घ्या.

वर, साठ मीटरच्या आसपास, थ्रॉटल कमी करून नाक हळूहळू उचला आणि विमान कधी आणि कोणत्या बाजूला पडतं ते बघा. उतरताना ते तिथेच, तसंच पडणार आहे. ३,३०० एमएएचची ४एस बॅटरी पूर्ण थ्रॉटलला, सुमारे ७० अँपिअरला, सव्वादोन मिनिटांत ८० टक्के रिकामी होते. निम्म्या सरासरीवर साडेचार मिनिटं. टायमर साडेतीन मिनिटांचा.

माझं दुसरं विमान पहिल्यांदा मोडलं ते उतरण्याच्या शेवटच्या वळणावर. रिमोट भाच्याकडे होता. वारा पाठीशी, म्हणून जमिनीवरून विमान वेगात दिसत होतं. त्याने थ्रॉटल पूर्ण काढलं आणि वळण ओढलं.

"मामा, नाक वर येत नाहीये!"

"ओढू नकोस, सोड! सोड एलिव्हेटर!"

तेवढ्यात डावा पंख खाली गेला. चूक माझीच, मी हे आधी सांगायला हवं होतं. पाठीच्या वाऱ्यात जमिनीवरचा वेग बघून थ्रॉटल काढायचं नाही. शेवटचं वळण रुंद घ्या, तीस अंशांपेक्षा जास्त कलवू नका, आणि चाकं टेकेपर्यंत पाव थ्रॉटल चालू ठेवा. जमिनीजवळ विमान तरंगत राहतं, त्याला तरंगू द्या.

मोडल्यावर

आधी बॅटरी. ती काढा, मोकळ्या मातीवर आठ-दहा मीटर लांब ठेवा आणि अर्धा तास हात लावू नका. फुगली किंवा चेपली असेल तर ती परत चार्ज करायची नाही, कितीही जीव तुटला तरी, ई-कचऱ्यात द्यायची.

मग पिशवी घेऊन तुकडे गोळा करा, नखाएवढासुद्धा. तुटलेली कड सुरीने सरळ करायचा मोह होतो, तो आवरा. वेडीवाकडी कडच तुकडा बरोबर जागेवर बसवते. घरी सगळे तुकडे गोंदाशिवाय जोडून बघा, टेपने धरून.

आमचं धड पंखाच्या चार बोटं मागे आडवं तुटलं होतं. इतर सगळं ठीक, फक्त नाक चेपलेलं. थर्माकोलचं चेपलेलं नाक इडलीपात्राच्या वाफेवर धरलं की दाणे पुन्हा फुलतात. पाच-सात सेकंद धरा, काढा, बघा, परत धरा. जास्त धरलं तर ते आक्रसतं. डेप्रॉनच्या शीटवर हा उपाय करू नका, ती वाकते.

धडाच्या सांध्यासाठी उदबत्तीच्या काड्या. मसाला जळून गेलेलं बांबूचं टोक पाच-सहा सेंटिमीटर कापून घ्यायचं. सांध्याच्या एका बाजूला कडेच्या जाडीत काडी अर्धी खुपसायची, थोडी तिरकी, घेरात आठ ठिकाणी. काड्यांची टोकं कोळशाने काळी करून दुसरा भाग हलके टेकवला की कुठे भोकं पाडायची त्याच्या खुणा उमटतात. एका कडेवर पॉलियुरेथेन गोंदाचा पातळ हात, दुसरी कड ओल्या फडक्याने पुसलेली. हा गोंद फुगतो, म्हणून टेपने चहूबाजूंनी आवळा, नाहीतर तो सांधा उघडून बाहेर येतो. आतून पाच सेंमी रुंद शीटचं कडं.

गोंद ओला असताना सरळपणा तपासायचा, सुकल्यावर उपयोग नाही. नाकाच्या टोकाला न ताणणारी दोरी टाचणीने लावा आणि डाव्या, उजव्या पंखाच्या टोकापर्यंत मोजा. दोन्ही सारखं हवं. मग उभ्या शेपटीच्या टोकापासून तसंच. आमच्याकडे फिरकीवर उरलेली साधी, काच नसलेली दोरी यासाठीच ठेवलेली असते. शेवटी समोर चार मीटरवर उकिडवे बसून बघा, आडवी शेपूट आणि पंख समांतर दिसतात का.

पंख्याचं पातं तुटलं असेल तर ते चिकटवू नका. मिनिटाला चाळीस-पन्नास हजार फेऱ्यांवर चिकटवलेलं पातं सुटलं तर गोळीसारखं जातं. रोटर नवा घ्या. सर्वो हाताने हळू फिरवा, एका जागी कच लागला की गिअरचा दात गेलेला आहे.

सांधून झालं की स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि पुन्हा सीजी. शेपटीकडे १० ग्रॅम गोंद वाढला आणि तो सीजीपासून ७५ सेंटिमीटरवर असेल तर ३६० ग्रॅमची बॅटरी दोन सेंटिमीटर पुढे सरकवली की हिशोब फिटतो. बारा सेंटिमीटरचं वेल्क्रो ठेवायला सांगितलं होतं ते म्हणून. नाकात शिसं भरायची वेळ येऊ देऊ नका.

पहिलं उड्डाण दोन मिनिटांचं, सरळ-सरळ, रुंद वळणांचं. उतरल्यावर सांधा अंगठ्याने दाबून बघा.

माझ्या वहीत दुसऱ्या विमानाचं पहिलं वजन १,५९० लिहिलेलं आहे, पाचव्या दुरुस्तीनंतरचं १,७१०. मर्यादा मी १,८५० ठरवली आहे. ती ओलांडली की ईएससी, सर्वो, कार्बनची नळी काढून घेणार आणि धड भंगारात. त्यांच्यासाठी नवं धड भाच्याने आधीच कागदावर काढायला घेतलंय, सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचं. २८ ऑक्टोबर २०२४ ला इथे त्याचा कारखाना सुरू झाल्यापासून त्याच्या डोक्यात तेच आहे. विस्तार २५.८१ मीटर, १:१८ ला १४३ सेंटिमीटर. पंख वर, सरळ, प्रोपेलर जमिनीपासून लांब. म्हणजे पोटावरही उतरवता येईल, आणि पंखाच्या टोकाला किती लबाडी करायची ते त्याने अजून ठरवलेलं नाही.